'लाफ अप युअर स्लीव्ह' : हसू बाहीतच का?

केतकी_पान
नमस्कार मंडळी. एका इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटल्स करतेय आणि एका वाक्यावर अडलेय. प्रसंग असा, की घरमालक पाहुण्यांना बोटातली हिऱ्याची अंगठी दाखवतोय, कुठल्या राजघराण्यातून आली वगैरे थापा चालू आहेत, आणि मागे सुरई घेऊन उभ्या असलेल्या नोकराला पक्कं ठाऊक आहे की खडा काचेचा आहे, कारण खरा हिरा त्यानेच स्वतः नेऊन गहाण टाकलाय, मालकाच्याच सांगण्यावरून. नंतर तो स्वयंपाकघरात येऊन स्वयंपाकीणबाईंना सांगतो की मी आपला उभा होतो, 'लाफिंग अप माय स्लीव्ह'.

अर्थ कळतो, कुणाला कळू न देता हसणं. पण बाहीच का? आणि याला मराठीत काय लिहू? आधी 'गालातल्या गालात हसत होतो' लिहिलं होतं पण वाचल्यावर फार गोड वाटलं. गालातल्या गालात तर नवी नवरीही हसते. इथे त्या नोकराला मालकाची फजिती दिसतेय आणि मालकाला ती दिसत नाहीये, असं काहीतरी त्यात हवं. कुणाला या वाक्प्रचाराचा उगम माहीत असेल तर नीट सांगा, अंदाजपंचे नको प्लीज.

वरवंटा
सोप्पंय. बाहीत पत्ते लपवायचे, जिंकायचं आणि हसायचं. जुगाऱ्यांपासून आलंय हे. पुढचा प्रश्न?

मिरची_लवंगी
मी शाळेत असताना एका पुस्तकात वाचलेलं की राजाचा विदूषक बाहीत तोंड घालून राजाला हसायचा म्हणून. खरं खोटं देव जाणे.

कोकणी_मेवा
गालातल्या गालात काय वाईट आहे? मला तर अगदी फिट्ट वाटतं. आमच्याकडे "तो गालात हसला" म्हटलं की समजून जायचं काहीतरी गडबड आहे.

आद्याक्षर
केतकीताई, अंदाजपंचे नको म्हणालात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. आज आपण 'अप' म्हणतो, पण जुनं रूप 'लाफ इन वन्स स्लीव्ह' असं आहे, म्हणजे बाहीच्या 'आत' हसणं. जॉन हेवुड नावाचा एक नाटककार आणि वादक होता, आठव्या हेन्रीच्या दरबारात होता, त्याने १५४६ साली इंग्रजीतल्या म्हणी गोळा करून एक पद्य पुस्तक छापलं. त्यात हे आहे, अर्थ साधारण असा की त्यावर मी काही बोललो नाही, फक्त बाहीत हसलो. म्हणजे आजचाच अर्थ. तोंडाने गप्प, आतून हसू. पुस्तकात आलं १५४६ मध्ये म्हणजे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून बोलत असणार, कारण हेवुडने म्हणी बनवल्या नाहीत, लोकांच्या तोंडच्या जमवल्या. रोम एका दिवसात बांधलं गेलं नाही, उडी मारण्याआधी बघ, अजिबात न येण्यापेक्षा उशिरा आलेलं बरं, हे सगळं त्याच पुस्तकात आहे.

आता बाही. तुम्ही डोळ्यासमोर आपल्या शर्टाची बाही आणाल तर हे कधीच पटणार नाही, त्यात करंगळी जाईना, तोंड कुठून जाणार. पंधराव्या शतकातल्या युरोपातले श्रीमंत लोकांचे झगे बघा, बाह्या मनगटापाशी इतक्या रुंद की हात खाली सोडला तर कापड गुडघ्यापर्यंत लोंबायचं, कधी त्याहून खाली. पाद्री आणि मठातले साधू, त्यांच्याही बाह्या मोठ्या. हेन्रीच्या काळात तर बाही हा वेगळाच दागिन्यासारखा प्रकार होता. बाह्या अंगरख्याला शिवलेल्या नसत, वेगळ्या असत आणि नाड्यांनी बांधत, राजाच्या सामानाच्या याद्यांमध्ये बाह्यांच्या जोड्या वेगळ्या मोजलेल्या आहेत. कपड्याला आत शिवलेला खिसा ही त्यानंतरची चैन, तोपर्यंत कमरेला बटवा नाहीतर बाही. रुमाल बाहीत, चिठ्ठी बाहीत. तेव्हा जी जागा वस्तू लपवायला रोज वापरात आहे तीच हसू लपवायला पुढे आली. हात तोंडापाशी नेला, खोकल्यासारखं केलं, संपलं.

वरवंटा, पत्त्यांचं वेगळं आहे हो. बाहीतला एक्का हा वाक्प्रचार याच्या खूप नंतरचा, आणि त्याचा अर्थही वेगळा, हातात राखून ठेवलेला डाव. यात डाव नाही, नुसतं हसू आहे.

वरवंटा
मान्य. पण माझी थिअरी जास्त फिल्मी होती.

मिरची_लवंगी
आद्याक्षर, ते विदूषकाचं राहिलं.

आद्याक्षर
विदूषकाला लपून हसायची गरजच काय? त्याला तर तोंडावर हसायचा पगार होता. लपवायचं कुणाला, ज्याला उघड हसलं तर महागात पडेल त्याला. दरबारी, नोकर, कारकून, सून. :)

मीठभाकर
त्या हेवुडच्या पुस्तकाबद्दल अजून लिहा ना. म्हणींचा कोश होता का?

आद्याक्षर
कोश नव्हता, तीच तर गंमत. संवाद आहे. एक तरुण माणूस सल्ला विचारायला येतो की लग्न कुणाशी करू, गरीब तरुण मुलीशी की श्रीमंत म्हाताऱ्या विधवेशी, आणि दुसरा त्याला उत्तर देतो आणि बोलता बोलता दोघे म्हणींवर म्हणी टाकत राहतात. पूर्ण पुस्तकभर. हा हेवुड कॅथलिक, राजे बदलले, धर्म बदलला, राणी एलिझाबेथच्या काळात १५६४ मध्ये देश सोडून गेला आणि पुन्हा इंग्लंडला आला नाही. कवी जॉन डन त्याच्या मुलीचा मुलगा.

वरवंटा
म्हणजे पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा लग्नाळू मुलाचा धागा. 'स्थळ आलंय, काय करू' आणि खाली शंभर प्रतिसाद. जग कुठेच गेलेलं नाही.

कोकणी_मेवा
आणि तो मुलगा शेवटी कुणालाच न विचारता आधीच ठरवलेलं करणार.

न्युरेंबर्गची_मावशी
छान धागा. इकडे जर्मनीत हसू बाहीत नाही, मुठीत. 'झिश इन्स फॉयस्टशेन लाखेन', म्हणजे आपल्या चिमुकल्या मुठीत हसणे. मूठ तोंडावर धरून खोकतो ना तसं. आणि हा वाक्प्रचार केतकीच्या नोकराला जास्त लागू पडतो, कारण यात दुसऱ्याची फजिती असतेच असते, बहुतेक वेळा स्वतःचा थोडा फायदाही. दोन कंपन्या कोर्टात भांडतायत आणि तिसरी मुठीत हसतेय असं पेपरात सर्रास छापून येतं. आपलं दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, त्यातल्या तिसऱ्याचा चेहरा. डच लोकही मुठीत हसतात, पोलिश आणि रशियनही.

म्हापशेकार
मावशी, मस्त. आमच्याकडे घरात आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यांच्या तोंडी 'रिर आ सोकापा' असायचं. 'सो' म्हणजे खाली, 'कापा' म्हणजे अंगावर घेतात तो झगा. झग्याखाली हसणं. नंतर कळलं की फ्रेंचांचंही तेच आहे, 'रीर सू काप'. फ्रेंचांकडे दाढीत हसणंही आहे.

मीठभाकर
आणि इटालियन मिशीखाली! 'सोत्तो इ बाफ्फी'. ही तर थेट आपली 'मिशीतल्या मिशीत हसणे'.

गुरुजी_निवृत्त
सर्वांचे प्रतिसाद वाचतोय, आनंद होतोय. मीठभाकर म्हणतात ते मिशीचं खरं आहे. आपल्याकडे पुरुषाला मिशी आणि बाईला पदर. 'तोंडाला पदर लावून हसणे' हा बाहीत हसण्याचा सख्खा भाऊ, नव्हे बहीण. माझी आत्या, आता हयात नाही, तिची एक लकब सांगतो. पंगतीत एखादा पाहुणा उगाच मोठेपणा सांगू लागला, की आमच्या वाड्याला इतके खण आणि तितके खण, की ती वाढायचं थांबवून ताक घेऊन यायची, आणि ताक वाढताना पदराचं टोक दातात धरायची. फक्त दातात धरायची, बाकी चेहरा देवीसारखा गंभीर. ते टोक दातात गेलं की आम्ही सगळी पोरं समजायचो की आता याच्या खणांचा हिशेब रात्री माजघरात होणार. पाहुण्याला वाटायचं बाई मर्यादेने वागते आहे.

केतकी_पान
गुरुजी!! हेच हवंय मला. हाच माझा नोकर.

काळा_कोट
गुरुजींची आत्या आमच्या कोर्टात पाहिजे होती. रुंद बाही आजही कुणाकडे शिल्लक असेल तर ती आम्हा वकिलांकडे. गाऊन इंग्रजांकडूनच आलेला, त्यामुळे बाह्या मोकळ्या. समोरचा वकील तावातावाने एखादा निवाडा वाचून दाखवतोय आणि आम्हाला माहितीये की तो वरच्या कोर्टाने केव्हाच फिरवलाय, अशा वेळी चेहरा सरळ ठेवणं हे खरं कसब. ज्युनिअर असताना माझं हसू कधीच आवरायचं नाही, मी गाऊनची बाही सारखी करण्याच्या निमित्ताने खाली बघायचो. न्यायाधीशांसमोर दात दिसले की संपलं. त्यामुळे आद्याक्षर सांगतायत ते कपड्याचं कारण मला सोळा आणे पटतं.

वरवंटा
हसतील त्याचे दात दिसतील, आणि वकील असतील तर त्याची बाही दिसेल.

भाषाभिमानी
क्षमा करा पण मला हा सगळा खटाटोप कळत नाही. इंग्रजांच्या बाहीचं आपल्याला काय करायचंय? मराठीत हसण्याचे शब्द कमी आहेत का? खुदकन, खुसुखुसू, फिदीफिदी, फिस्सकन, खदाखदा, खो खो, गडगडाटी. इंग्रजी वाक्प्रचारांची चिरफाड करण्यापेक्षा हे शब्द वापरा, नवीन पिढीला यातले निम्मेही येत नाहीत.

केतकी_पान
भाषाभिमानी, मी मराठीतच लिहितेय हो. मूळ वाक्यात नेमकं काय आहे ते कळल्याशिवाय तुमच्या यादीतला कुठला शब्द उचलायचा ते कसं ठरवू? आणि बघा ना, या यादीतलं प्रत्येक हसू ऐकू येतं. फिस्सकन ऐकू येतं, खुदकनही. मला न ऐकू येणारं पाहिजे.

भाषाभिमानी
हा मुद्दा बरोबर आहे. खुसुखुसू जवळ जातं, पण त्याला निदान दोन माणसं लागतात.

सूत्रधार
न ऐकू येणाऱ्या हसण्याचं म्हणाल तर आपल्याकडे त्याची फार जुनी प्रतवारी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे सहा प्रकार सांगितलेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यम पात्रांचे, शेवटचे दोन अधम पात्रांचे. नटाने करायचं कसं तेही दिलंय. स्मितात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत. म्हणजे कोकणी_मेवा यांचं गालातल्या गालात ते हेच. आणि उपहसितात काय, तर नाकपुड्या फुगलेल्या, नजर तिरकी, डोकं आणि अंग आक्रसलेलं.

आता त्या नोकराला उभा करून बघा. सुरई हातात, मान खाली, खांदे जरासे आत घेतलेले, नाकपुड्या फुललेल्या कारण श्वास रोखून धरलाय, आणि नजर तिरकी त्या अंगठीकडे. हा स्मित करत नाहीये, हा उपहसित करतोय. केतकीताईंना गालातल्या गालात गोड का वाटलं त्याचं उत्तर इथे आहे. तालमीत मी मुलांना हेच सांगतो, की हसू दाबायचं असेल तर तोंडाकडे लक्ष देऊ नका, नाक आणि खांदे सांभाळा, प्रेक्षकाला तिथून कळतं.

काळा_कोट
खांदे! अगदी. आमच्याकडे मागच्या बाकावरून पुढच्या वकिलाचे खांदे हलताना दिसतात.

मिरची_लवंगी
उपहास हा शब्द त्यातलाच ना मग?

सूत्रधार
हो, 'हस्' धातूला 'उप' लागला. आज मराठीत उपहास म्हणजे टोमणा मारणं झालंय, शब्दांनी केलेला. इथे मात्र हसण्याचा प्रकार आहे.

कोकणी_मेवा
ठीक आहे, मी माझा मुद्दा मागे घेत नाही पण सूत्रधारांचं नाकाचं पटलं. आमचे एक शेजारी नाकानेच हसतात.

सांगलीचा_हळद्या
अवांतर होतंय पण राहवत नाही. लपवालपवीचा विषय निघालाय तर जनावरांच्या बाजारात कुणी गेलंय का? दोन व्यापारी समोरासमोर, हातावर एक उपरणं टाकलेलं, आणि त्या उपरण्याखाली बोटं दाबून भाव चालतो. एक बोट, दोन बोटं, अख्खी मूठ, प्रत्येकाला अर्थ. बाजूला गर्दी उभी असते पण कुणाला काही कळत नाही. आमचा चुलता बैल विकायला गेला की मी शेजारी उभा राहायचो आणि उपरण्याकडे न बघता चेहऱ्यांकडे बघायचो, कारण चुलत्याने सांगितलेलं की हात खोटं बोलतो पण पापणी नाही. एकदा समोरच्याने बोट दाबलं आणि चुलत्याची डावी पापणी एवढीशी लवली. परत येताना रस्ताभर हसत होता, म्हणाला त्याने मी मनात धरलेल्यापेक्षा जास्त दिले. तिथे हसू दाखवलं असतं तर त्याने जागेवर भाव पाडला असता. ह्याला म्हणतात उपरण्यात हसणं.

वरवंटा
हळद्या, दंडवत. 'उपरण्यात हसणे' आजपासून चालू.

नारळीपौर्णिमा
योकोहामाहून. जपानी भाषेत बाहीशिवाय पान हलत नाही असं म्हटलं तरी चालेल. किमोनोच्या बाहीत खरंच वस्तू ठेवतात, ती पिशवीसारखी खाली शिवलेली असते. 'सोदे नो शिता', म्हणजे बाहीखालून, याचा अर्थ लाच! आपलं टेबलाखालून. आणि जुन्या जपानी कवितेत बाही ओली झाली म्हणजे माणूस रडला, कारण डोळे बाहीनेच पुसायचे. हसताना तोंडासमोर बाही धरण्याची पद्धत तिथल्या बायकांमध्ये होतीच, पण ती मर्यादा म्हणून, दात दिसू नयेत म्हणून. कुणाची फजिती बघून नव्हे. म्हणजे तीच बाही, तीच कृती, पण इंग्रजी बाहीतला खवचटपणा यात नाही.

गुरुजी_निवृत्त
नारळीपौर्णिमा यांच्यावरून आठवलं, आपल्या मराठीतही बाही आहेच की. 'अस्तनीतला निखारा'! अस्तनी म्हणजे बाही. फारसीतला आस्तीन. हिंदीत आस्तीन का साँप, फारसीतही बाहीत सापच. मराठीने साप काढून निखारा ठेवला. जवळ बाळगलेला माणूस जो आपल्यालाच भाजणार. आणि 'बाह्या सरसावणे' म्हणजे भांडायला उभं राहणं. एकाच कपड्यात इंग्रजांनी हसू लपवलं, जपान्यांनी अश्रू आणि लाच, आणि आपण विस्तव.

मीठभाकर
गुरुजी, हे मला आजवर माहीत नव्हतं, मी अस्तनी म्हणजे अस्तर समजत होते.

काळा_कोट
इंग्रजांचं अजून एक आहे की, काळीज बाहीवर लावून फिरणे. तेही यातूनच आलं का?

आद्याक्षर
तेच कापड, दिशा उलटी. ते शेक्सपिअरच्या ऑथेल्लोमध्ये पहिल्याच प्रवेशात आहे, आणि बोलतो कोण, तर इयागो. त्याचं म्हणणं असं की माझ्या आतलं जर बाहेर दिसू लागलं तर मी काळीज बाहीवर टांगून ठेवल्यासारखं होईल, कावळे येऊन टोचतील. मी दिसतो तसा नाही, असं तो लगेच पुढे सांगून टाकतो. आज हा वाक्प्रचार मोकळ्या मनाच्या माणसाचं कौतुक म्हणून वापरतात, पण मूळ बोलणारा त्या नाटकातला सगळ्यात आतल्या गाठीचा माणूस आहे. पूर्ण नाटकभर तो ऑथेल्लोच्या शेजारी उभा राहून मनात हसतो. केतकीताईंचा नोकर त्याच्यापुढे बाळ आहे.

मिरची_लवंगी
'स्निकर' म्हणजेही दबकं हसणंच ना? चॉकलेटचं नाव त्यावरून आहे का?

वरवंटा
नाही, घोड्यावरून. १९३० मध्ये ते चॉकलेट आलं तेव्हा मार्स कुटुंबाच्या लाडक्या घोड्याचं नाव दिलं. आणि इंग्लंडमध्ये १९९० पर्यंत ते 'मॅरेथॉन' नावाने विकायचे. हे मला माहितीये कारण मला फक्त अशाच गोष्टी माहीत असतात.

आद्याक्षर
हसण्याच्या शब्दांचं निघालंच आहे तर 'स्मर्क' बघा. आज तो शब्द ऐकला की थोबाडीत द्यावंसं वाटणारं हसू आठवतं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसतं हसणं एवढाच होता. हळूहळू 'स्माइल'ने चांगली जागा घेतली आणि याच्या वाट्याला आगाऊपणा आला.

न्युरेंबर्गची_मावशी
परत केतकीकडे. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हा, की बाहीत हसणाऱ्याकडे एक माहिती असते जी समोरच्याकडे नसते. नुसता आनंद नव्हे. माझा केक छान झाला म्हणून मी मनातल्या मनात खूश झाले तर ते बाहीत हसणं नाही. शेजारीण तिने केलेला म्हणून तोच केक मिरवतेय आणि मी बेकरीची पिशवी बघितलीये, तर ते बाहीत हसणं. शाडनफ्रॉयडपेक्षाही वेगळं, कारण तिथे समोरच्याचं नुकसान झालेलं असतं आणि मला आनंद होतो, उघडपणे झाला तरी चालतो. इथे अजून काही घडलेलंच नाही, फक्त मला माहीत आहे.

कोकणी_मेवा
हे आवडलं. मग 'छद्मी हसला' लिहा की. छद्म म्हणजेच सोंग, वेशांतर. अर्थ पण लपवण्याचाच.

सूत्रधार
छद्मी हसणं दिसतं हो. कादंबरीत खलनायक छद्मी हसतो तेव्हा लेखक आपल्याला मुद्दाम दाखवतो, आणि बहुतेक वेळा नायिकेलाही दिसतं. शिवाय छद्मी म्हणजे वाईट हेतू आलाच. नोकराचा काही वाईट हेतू नाही, त्याला मजा येतेय.

मीठभाकर
'हसू गिळून उभा होतो' कसं वाटतं? छोटं आहे, सबटायटलमध्ये मावेल.

केतकी_पान
मीठभाकर, मावतं, मला आवडलंही. फक्त हसू गिळण्यात त्रास जास्त आणि मजा कमी वाटते का? माणूस अंत्ययात्रेतही हसू गिळतो. 'आतल्या आत हसत होतो' हाही पर्याय लिहून ठेवलाय, तो बिनचूक आहे पण थोडा बेचव.

भाषाभिमानी
एक सुचवू का. तुम्ही सगळे हसणे या क्रियापदाभोवती फिरताय. नोकर स्वयंपाकघरात येऊन आपल्याच माणसाला किस्सा सांगतोय ना? मग मराठी माणूस तिथे 'मी हसलो' असं म्हणणारच नाही. तो म्हणेल, "मी आपला उभा. मनात म्हटलं, चालू द्या!" झालं. त्या 'चालू द्या' मध्ये सगळं आलं, मला माहीत आहे, त्याला माहीत नाही, आणि मी काही बोलणार नाही.

काळा_कोट
भाषाभिमानी, कडक.

सूत्रधार
हे नटाला द्या, तो यावर टाळी घेईल.

गुरुजी_निवृत्त
उत्तम. माझी आत्याही नेमकं हेच म्हणायची, फक्त 'चालू द्यात' असं, शेवटी त लावून.

केतकी_पान
भाषाभिमानी, हेच घेते. "मी आपला उभा. मनात म्हटलं, चालू द्या!" दोन ओळींत बसतंय, ओठांच्या हालचालीशीही बरं जुळतंय. पुढे चौथ्या भागात हाच वाक्प्रचार पुन्हा येतो, पण तिथे बोलणारी मालकीण आहे आणि ती रागाने विचारते की तू मला बाहीत हसतोयस का. तिथे 'चालू द्या' चालणार नाही, तिथे "आतून हसतोयस ना मला?" असं करावं म्हणतेय.

न्युरेंबर्गची_मावशी
'मनातून' केलं तर? "मनातून हसतोयस ना मला?" आतून म्हटलं की दाराआडून वाटतं.

कोकणी_मेवा
मनातून. रागावलेली बाई हेच म्हणेल.

सांगलीचा_हळद्या
आमच्याकडे म्हणतील "दात काढतोयस व्हय रं?" पण ती इंग्रज मालकीण आहे, जाऊ द्या.

मिरची_लवंगी
म्हापशेकार, एक राहिलं, ते 'सोकापा' अजून गोव्यात कुणी बोलतं का?

म्हापशेकार
पोर्तुगीज येणारी जुनी माणसं आता थोडी राहिलीत, त्यांच्या बोलण्यात कधीमधी सापडेल. पोर्तुगालमध्ये मात्र चालू शब्द आहे, 'आ सोकापा' म्हणजे नुसतं हसणं नाही, कुठलीही गोष्ट गुपचूप करणं. आजोबा तो शब्द आम्ही दुपारी ते झोपल्यावर बरणीतला दोस, म्हणजे मिठाई, काढून खायचो त्यासाठी वापरायचे. ते झोपलेले नसायचे.